शंभरपैकी ब्याऐंशी

मोबाईल दुरुस्तीचं ते दुकान एवढं अरुंद, की मालक आत शिरला की गिऱ्हाइकानं बाहेरच उभं राहायचं. डोळ्याला लावायचं भिंग तो काम संपलं तरी काढायचा नाही. कपाळावर सरकवून तसाच चहा प्यायचा, तसाच घरी जायचा. म्हणून सगळी गल्ली त्याला भिंगभाऊ म्हणायची. बायकोनं एकदा विचारलं होतं, "झोपताना तरी काढणार आहात का, की स्वप्नंही मोठी करून बघायचीत?"

पोट चालायचं दुरुस्तीवर, पण मान होता तो वेगळ्याच कामाला. नवा फोन घ्यायच्या आधी लोक त्याच्याकडे यायचे. मोठ्या कंपन्यांचे फोन कुणी विचारायचं नाही, त्यांच्या जाहिराती भिंतीभिंतीवर होत्या. प्रश्न असायचा तो स्वस्तातल्या, चीनमधून येणाऱ्या, कुणी नाव न ऐकलेल्या फोनांचा. नाव उच्चारताना जीभ दोनदा ठेचकाळायची आणि खोक्यावर मात्र बाई अशी हसायची की घरदार विकून घ्यावा. भिंगभाऊ तो फोन आधी तळहातावर तोलायचा. मग काच आणि कडेच्या सांध्यावरून नख फिरवायचा, अडकलं की मार्क कापले. पाठीवर अंगठ्यानं दाबून कुरकुर ऐकायचा. चार्जिंगला लावून गालाशी धरायचा, आई तापल्या लेकराला हात लावून बघते तसा. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचा फोटो काढून अक्षरं फुटतात का बघायचा. ओल्या बोटानं, तेलकट बोटानं, हातमोजा घालून काच चालवायचा. शेवटी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर खडूनं आकडा लिहायचा, शंभरपैकी. तो आकडा झाला की वाद संपला.

शेजारचा किल्लीवाला म्हणायचा, "भिंग्या, फोन बघतोस की जावई?"

"जावई बिघडला तर दुरुस्त होत नाही," भिंगभाऊ म्हणायचा, "म्हणून फोनच बरे."

त्याची ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा ह्याचा शेंबूड पुसण्यापासून ह्याला हाताचं काम शिकायला धाडण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. ती घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. पुढच्या खोलीत विजेवरचं मशीन, बाजूला निळ्या कापडाचे ढीग. नवरा, म्हणजे भिंगभाऊचे दाजी, मालवाहू बोटीवर आचारी. वर्षातले नऊ महिने पाण्यात. समुद्रात असताना त्यांचा आवाज नाही. बोट बंदराला लागली की तिथल्या वायफायवरून ते इंटरनेटचा फोन लावायचे. पंधरा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनी. ताईचा सगळा संसार त्या अर्ध्या तासात व्हायचा. भाजीपासून भांडणापर्यंत.

तिचा जुना फोन एक दिवस गप्प झाला तो झालाच. ती दुकानापुढे येऊन उभी राहिली. हातात त्या बिननावाच्या कंपनीचं खोकं.

"चार दिवसांनी यांची बोट लागतेय," ती म्हणाली. "हा दुकानदारानं बघायला दिलाय. नीट बघ."

"कॅमेरा बिमेरा कसा हवा तुला?"

"मी काय सिनेमा काढणार आहे? मला फोटो नको, गाणी नको. यांनी तिकडून लावला की इकडे वाजला पाहिजे, एवढं बघ. बाकी फोनानं दिवसभर झोपा काढल्या तरी माझं काही म्हणणं नाही."

भिंगभाऊनं त्या फोनासाठी अख्खा दिवस दिला. कॅमेरा रडका निघाला, पाठ कुरकुरली, पण घंटी अशी की किल्लीवाल्याच्या हातातली कानस खाली पडली. इंटरनेटचा फोन त्यानं स्वतःच्या फोनावरून दहादा लावला. हातात धरून, टेबलावर ठेवून, खिशात घालून. दहाच्या दहा वेळा वाजला. आणि बॅटरी! संध्याकाळपर्यंत जेमतेम सहा टक्के उतरली. इतक्या वर्षांत त्यानं कुणाला पुरे मार्क दिले नव्हते, या बॅटरीला दिले. वीसपैकी वीस. पुठ्ठ्यावर लिहिलं, ब्याऐंशी.

"घे," तो म्हणाला. "कंपनी कुळशीलाची नाही, पण पोरगं कामसू आहे."

पहिल्या बंदरावरून फोन आला तेव्हा ताईच्या हातात फोन होताच, नव्याची नवलाई. दुसऱ्या खेपेलाही आला. शेजारणी बघायला जमल्या होत्या, फोन हातोहात फिरत होता. मग नवलाई ओसरली. फोन मशीनशेजारच्या फळीवर जाऊन पडला. आणि ताईची एक सवय होती. लहानपणी शेजाऱ्यांकडे तारेचा फोन होता. त्यांच्याकडे बाहेरगावचा फोन यायचा असला की म्हातारा सगळ्यांना दटावायचा, कुणी हात लावायचा नाही, लाईन मोकळी ठेवा. ते तिच्या डोक्यात बसलं होतं. बोट लागायच्या दिवसांत ती फोनाला बोटही लावायची नाही. वरची धूळ फुंकायची, ती सुद्धा लांबून.

तिसऱ्या खेपेला बोट लागायचा दिवस गेला. दुसरा गेला. "लांबली असेल," ताई म्हणाली आणि गणवेशांचे खिसे लावत राहिली.

बुधवारी सकाळी अकराला फोन वाजला. साधा फोन, बोटीच्या कंपनीच्या एजंटाचा. घंटी इतकी खणखणीत, की शेजारीण दारात आली. दाजी दोन दिवस बंदरावरच्या दवाखान्यात होते. छातीत दुखत होतं. मंगळवारी संध्याकाळी गेले.

एजंटानं कागदपत्रांसाठी त्यांचा फोटो मागितला. दुपारी, घर माणसांनी भरलेलं असताना, ताईनं फोन उचलला आणि ज्यावर ती दोघं बोलायची ते ॲप उघडलं. फोनाला जाग आली. टिंग. टिंग. टिंग. एकामागून एक सहा न घेतलेले फोन पडले. सोमवारी तीन, मंगळवारी तीन. खाली दाजींचा आवाज भरलेला एक निरोप. तिथं बसलेल्या सगळ्यांनी तो ऐकला.

"अगं, मशीनवर बसलीयस वाटतं. बस, बस. मला जरा छातीत भरून आलं म्हणून इथं आणून टाकलंय. नर्सबाई चांगल्या आहेत, त्यांच्याच वायफायवर बोलतोय. हातातलं आटप आणि कर. मी आहेच जागा."

दाजींची थोरली बहीण भिंतीला टेकून बसली होती. ती उठून ताईपुढे आली. "सहा वेळा! सहा वेळा हाका मारल्या माझ्या भावानं. आणि हिचं आपलं खडखड, खडखड."

"वन्सं, मला ऐकूच आलं नाही हो," ताई म्हणाली.

तिनं भावाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तेव्हा भिंगभाऊ बोलला ते शब्द त्याला पुढं जन्मभर पुरले. तो म्हणाला, "फोन माझ्या हातचा तपासलेला आहे. दहादा वाजवून बघितलाय. मशीनच्या आवाजात गेलं असेल, ताई."

त्या दिवसापासून ताईनं मशीनवर चादर टाकली. निळं कापड ज्याचं त्याला परत गेलं. ती कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाच्या मानानं कान उत्तम आहेत. तिनं मान हलवली आणि विश्वास ठेवला नाही. कुणी काही बोललं की "काय?" म्हणायची, बोललेलं ऐकू आलेलं असलं तरी. हळूहळू लोकही तिच्याशी मोठ्यानं बोलायला लागले. दोन घरं सोडूनही ऐकू यायचं, "भाजी घेणार का, भाजी!" ती मान खाली घालून घ्यायची.

महिन्याभरानं तिनं फोन भावाच्या हातात दिला. "यातला यांचा आवाज कुठंतरी जपून ठेव. माझ्या हातून पुसला जाईल."

तो म्हणाला, उद्या देतो. पण दुकानात गर्दी होती. फोन कुठल्याशा खणात गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी आठवण झाली तर सापडेना. त्यानं शोधायला म्हणून आपल्या फोनावरून इंटरनेटचा फोन लावला. इकडे टूं टूं चालू, तिकडे कुठल्याही खणातून चकार आवाज नाही. चौथ्या खणात, सुट्या काचांच्या खाली, फोन सापडला. बॅटरी भरलेली. काच काळी. त्यानं बोट लावलं, आत जाऊन उघडलं, आणि टिंग. त्याचाच न घेतलेला फोन.

त्यानं दुकानाचं दार अर्धं ओढलं. फोन लगेच लावला, वाजला. मग टेबलावर ठेवून तीन तास हात लावला नाही. लावला, वाजला नाही. आत खोदत खोदत गेला तेव्हा सापडलं. कारखान्यातूनच तसं करून आलेलं. फोन पडून राहिला, की बॅटरी वाचवायला आतल्या एकेका ॲपला झोपवून टाकायचा. त्या यादीत पहिलं नाव त्याचंच, ज्यावरून दाजींचा फोन यायचा. साधा फोन तेवढा जागा. यादीतून ते नाव काढायला पाच वेळा बोट टेकवावं लागलं. पाच. घोटभर चहा गार व्हायच्या आत झालं.

सगळं तपासलं होतं त्यानं. पण सगळं फोन जागा असताना. नुसता पडलेला फोन कसा वागतो, हे बघायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. आणि ज्या गुणाला वीसपैकी वीस दिले, त्यानंच घात केला होता.

किल्लीवाल्याला त्यानं सांगितलं, कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. किल्लीवाला बराच वेळ एकच किल्ली घासत राहिला. मग म्हणाला, "आता सांगून दाजी उठून येणार आहेत का? ती बिचारी कान गेले समजून बसलीय, सवय होईल तिला. तू सांगितलंस तर तिचा भाऊही जाईल आणि तुझं दुकानही."

"कान गेलेले नाहीत रे तिचे."

"ते तुला माहीत."

"तेच तर," भिंगभाऊ म्हणाला.

तरी चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तो फोन घेऊन ताईकडे गेला तेव्हा नणंदही घरात होती. तो परत फिरणार होता. मग वाटलं, हिच्यासमोरच सांगायला हवं. भिंग कपाळावरून काढून खिशात ठेवलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

ताई ऐकत होती. "काय?" म्हणाली नाही.

"म्हणजे वाजलाच नाही?"

"नाही वाजला, ताई. एकदाही नाही."

"मशीन बंद असतं तरी?"

"तरी नाही."

"आणि वाजला असता तर मशीन चालू असतानाही आला असता ऐकू मला?"

"आला असता. शेजारच्यांनाही आला असता."

नणंद पदर तोंडाला लावून आत निघून गेली. ताईनं दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले, त्यांच्याकडे बघत राहिली.

"मग त्या दिवशी एवढ्या माणसांत तू ते कसं म्हणालास रे?"

त्याच्याकडे उत्तर होतं, फोनाची लाज राखायला म्हणालो, असं. त्यानं खिशातलं भिंग चाचपलं.

"मी तुला विचारलं नव्हतं," ताई म्हणाली. "नुसतं बघितलं होतं तुझ्याकडे. तू गप्प बसला असतास तरी चाललं असतं."

तिनं फोन त्याच्या हातातून घेतला. दार लोटण्याआधी म्हणाली, "जेवून जा म्हणणार नाही आज."

त्यानंतर तिनं पुन्हा शिवायला घेतलं, हे त्याला दुसऱ्यांकडून कळलं. त्याच्या बायकोशी ती बोलायची, त्याच्याशी नाही. दुकानात लोक अजूनही फोन घेऊन यायचे. पुठ्ठा कुठं गेला विचारायचे. तो म्हणायचा, मार्क देणं बंद केलंय, ठेवून जा, दोन दिवसांनी या. दोन दिवस तो फोन तसाच पडू द्यायचा आणि मग लावायचा. गिऱ्हाइकं चिडवायची, "काय भाऊ, अंडी उबवताय का?" निम्मी दुसरीकडे गेली.

सात महिन्यांनी एका सकाळी ताई आली. सोबत तिच्या गल्लीतली एक तरणी बाई, नवरा नुकताच परदेशी कामाला गेलेला. ताईनं खोकं पुढं केलं. तसंच कुठलंसं नवखं नाव.

"हिला बघून दे," ती भावाकडे न बघता म्हणाली. "निजवून बघ."

"उद्या या मग."

"ती जाईल घरी. मी बसते."

भिंगभाऊनं बाहेर खुर्ची टाकली. फोन फडक्यावर उपडा ठेवला. दुपार झाली. किल्लीवाल्यानं दोन चहा सांगितले, दोघांनी घेतले. ताईनं फोनावरून नजर हलवली नाही आणि भावानं तिच्यावरून. ऊन उतरून दुकानाच्या पायरीवर आलं तेव्हा ती म्हणाली, "लाव."

त्यानं लावला. एक क्षण काहीच झालं नाही. मग फडक्यावरचा फोन थरथरला आणि वाजायला लागला.

"वाजतोय, ताई," तो म्हणाला. "घे की, बंद होईल."

ताईनं हात पुढं केला नाही. फोन वाजून वाजून आपला आपण थांबेपर्यंत ती ऐकत राहिली.