शेऱ्याचा रकाना

आमच्या घरी कॉम्प्युटरचा विषय निघाला की मला चपलांची गोष्ट सांगायला लावतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी रत्नागिरीला आमच्या कार्यालयात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्या खोलीबाहेर मी चपला काढल्या, नळावर पाय धुतले आणि ओल्या पायांनी आत शिरलो, म्हणून मुंबईहून आलेल्या इंजिनिअरने मला बाहेर काढलं. मुलं हसतात. बायको दर वेळी आठवण करते, "नमस्कार केलात ते सांगा की!" केला होता. तेही सांगतो. पुढचं सांगत नाही.

मी तेव्हा निराधारांच्या टेबलावर कारकून होतो. विधवा, अपंग, ज्यांच्यामागे कोणी नाही अशी म्हातारी माणसं, यांना सरकारची थोडीशी मदत मिळे. त्यांची जाडजूड नोंदवही माझ्या ताब्यात. तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रुंद रकाना होता, शेऱ्याचा. खरा जिल्हा त्या रकान्यात नांदत होता. 'मुलगा मुंबईस, पत्र नाही.' 'एक डोळा गेला, दुसऱ्याचा भरवसा नाही.' हे सगळं माझ्या आधीच्या कारकुनांच्या हातचं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा निवृत्त झाले, पण त्यांचं किरटं अक्षर वहीत राहिलं होतं. पूर्णगडच्या एका बाईपुढे त्यांनी लिहिलं होतं : 'नवरा मचव्यावर खलाशी. मचवा परत आला नाही. बाई वाट पाहते. मदत चालू ठेवावी.'

नियमात ही बाई कुठेच बसत नव्हती. शेऱ्यात बसत होती.

कॉम्प्युटरसाठी नवे फॉर्म आले. सगळ्या चौकटी. त्यातल्या एका चौकटीत बाईची स्थिती आकड्यात लिहायची. नवरा असेल तर एक, विधवा असेल तर दोन. शेऱ्याला जागाच नव्हती.

"साहेब, शेरा कुठे लिहायचा?" मी इंजिनिअरला विचारलं. या वेळी पाय कोरडे होते.

"मशीन शेरा वाचत नाही."

"पण एखादीचं धड हेही नाही आणि तेही नाही, असं असलं तर?"

"आकडा टाका आणि पुढे चला हो."

एक टाकला असता तर मदत बंद झाली असती. मी अर्धा कप चहा होईस्तोवर विचार केला आणि दोन टाकला. घरी येऊन बायकोला म्हणालो, "आज एका गरिबाचं कल्याण केलं." ती म्हणाली, "भाजी आणलीत का?" विसरलो होतो.

दुसरा पराक्रम त्याआधीच करून झाला होता. फॉर्मसाठी माहिती गोळा करायला मला गावोगाव धाडलं होतं. पाली झाली, पूर्णगड झालं. ग्रामपंचायतीत माणसं जमली की मला कंठ फुटे. "आता हेलपाटे बंद! या यंत्राला सगळं ठाऊक असतं. कोण कुठे आहे, कोण हयात, कोण गेलं. बटण दाबलं की समोर!" बटण कुठलं ते मलाही माहीत नव्हतं. पूर्णगडला एका म्हाताऱ्या खलाशाने विचारलं, "दर्यात ऱ्हायलेला पन सांगल काय वो?"

मी रंगात आलेलो. "सगळं सांगेल!"

मागे बायका उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

यादी छापून आली. कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद, टिंबाटिंबांची अक्षरं. लोकांना सगळं उघड दिसावं म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ती लावली. वर ठळक मथळा, 'विधवा'.

महिना गेला असेल. दोन बायका माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. एक म्हातारी, दुसरी पस्तिशीची. गाव पूर्णगड म्हणाल्या, तरी मला काही उमगलं नाही. धाकटीच्या हातात बांगड्या नव्हत्या, आणि कपाळावर कुंकवाची जागा अजून वेगळी दिसत होती.

"भाऊसाहेब, तेवडी तिथी सांगा," म्हातारी म्हणाली.

"कसली तिथी?"

"माज्या लेकाची. तुमच्या कागदावर आलं ना, तो गेला म्हून. दिवस घातले आमी. आता वर्साला तिथी पायजे. भटजी म्हनतात सर्वपित्रीला घाला, ज्याची म्हाईत नाय त्याचं तवाच घालतात. पन सरकारला म्हाईत हाय ना?"

नवऱ्याचं नाव न घेता सुनेने विचारलं, "सापडले कुटं, ते बी लिवलंय काय?"

मी यादी काढली आणि त्या कागदात तोंड खुपसलं. पानाच्या डोक्यावर एक तारीख होती, यादी छापल्याची. माझं बोट तिथे थांबलं. ती सांगितली असती तर दोघी समाधानाने एसटीत बसल्या असत्या. एवढी अक्कल मला होती, हिंमत झाली नाही. मग मी म्हणालो, "यंत्राची चूक झालीय."

पुढे हे वाक्य मी प्रत्येक खिडकीवर ऐकलं. आमच्या कार्यालयात पहिल्यांदा बोललं गेलं ते माझ्या तोंडून.

"यंत्र चुकतं?" म्हातारीने मला नीट निरखलं. "आनि तुमीच सांगत व्हतात ना, दर्यातला पन सांगल म्हून?"

मग लपायला कागद पुरेना. "ते मी लिहिलं," मी म्हणालो.

"तुमाला कोनी सांगितलं?"

"कोणीच नाही. तुमची मदत बंद होऊ नये म्हणून लिहिलं."

"मेल्या," म्हातारी हळू आवाजात म्हणाली, "त्यापायी मारलास माज्या पोराला?"

सुनेने पदराखाली मनगटं झाकून घेतली. "इतकी वर्सं सगली सांगत व्हती, उतरव, उतरव. मी नाय म्हनायची. यंत्राला कळलंय म्हनले, म्हून हात पुढं केला वो." मग म्हणाली, "मंग ते हायत?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

अण्णांनी वहीत हेच तर लिहून ठेवलं होतं.

मी दुरुस्तीचा फॉर्म भरला. दोनाचा एक केला आणि समासात बारीक अक्षरात अण्णांची चारही वाक्यं उतरवली. फॉर्म लाल शाईत परत आला : 'चौकटीबाहेर लिहू नये.' समास कोरा ठेवून पुन्हा पाठवला. पुढच्या यादीत बाईचं नाव नव्हतं. मदत बंद झाली. नोंदवही तर आधीच रद्दीत गेली होती.

काही वर्षांनी कामासाठी पूर्णगडला गेलो. परतताना ग्रामपंचायतीचा शिपाई एसटीच्या थांब्यापर्यंत सोबत आला. मी आडून आडून चौकशी केली. सासूने स्वतः कासाराकडे नेऊन सुनेला पुन्हा बांगड्या भरल्या, असं तो म्हणाला. पण हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावत नाही. एकदा उतरलेलं कुंकू आपल्या घरात नको, म्हणतात बायका. सासू मात्र सर्वपित्रीला लेकाचं पान वाढते. मुलगा गेला हे तिने मनाशी धरलं ते धरलंच. त्या दिवशी सून घरात थांबत नाही, उपाशी बंदरावर जाऊन बसते.

"घर ते काय, माडांच्या पलीकडं," शिपाई म्हणाला. "येताव काय? तुमाला ओळखतील."

"नको," मी म्हणालो, "गाडी येईल एवढ्यात."

गाडीला अजून अर्धा तास होता. हे त्यालाही माहीत होतं.