क्लिकर अठ्ठ्याऐंशीवर थांबला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. ऐका फक्त.

मी बेसबॉल खेळायचो. हसू नका! नॉटिंगहॅममध्ये वाढलेला जोश्यांचा मुलगा आणि बेसबॉल — माझी आईसुद्धा हसायची. पण हातात जोर होता. पिचर म्हणून अमेरिकेत गेलो, तिथल्या सगळ्यात खालच्या व्यावसायिक लीगमध्ये दोन सीझन चेंडू फेकले, आणि एका सकाळी मॅनेजरने नारळ दिला.

इंग्लंडला परत येऊन मिल्टन कीन्सला आयटीत चिकटलो. वीकेंडला मुलांना कोचिंग. तिथेच मीरा आली — माझ्या मित्राची, डॉक्टर अविनाशची मुलगी, पंधरा वर्षांची. काय हात होता त्या पोरीचा! खरं सांगू? मला तिचा हेवा वाटायचा.

या खेळात पोरांचं कोपर जपावं लागतं. तिच्या वयाला एका दिवसात पंचाण्णव पिच, म्हणजे पंचाण्णव फेकी, बस. मोजायचं काम कोचचं — मुठीत छोटा क्लिकर, प्रत्येक फेकीला एकदा दाबायचा. पंचाण्णव झाले की पिचर बाहेर, मग मॅच गेली खड्ड्यात. माकडही करेल इतकं सोपं काम.

त्या रविवारी मॅच फ्रेंडली होती, दुसरं कुणी मोजत नव्हतं. आणि जाळीमागे एक माणूस येऊन बसला — अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी खेळाडू हेरणारा. तो मीराला बघत होता. मला मात्र वाटलं, मलाच बघतोय — शेवटी एकदाचं कुणीतरी मला बघतंय! अठ्ठ्याऐंशीनंतर माझा अंगठा थांबला. चुकून? छे, चुकून कसला! मी क्लिकर सरळ जॅकेटच्या खिशात टाकला.

दोनदा तिने माझ्याकडे पाहिलं. हात झटकला, पुन्हा पाहिलं. तिला काय विचारायचं होतं ते मला कळत नव्हतं का? मी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! अजून भरपूर आहेत," म्हणालो.

मग ती किंचाळली आणि कोपर धरून खालीच बसली.

अविनाश धावत आला. डॉक्टरच तो — पहिला प्रश्न, "किती झाले?" मी खिशातून क्लिकर काढून त्याच्यासमोर धरला. अठ्ठ्याऐंशी. त्याने आकडा बघितला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी काही चूक नाही रे." तेव्हा तरी तोंड उघडायचं ना? नाही उघडलं.

हॉस्पिटलात ए अँड ईमध्ये, म्हणजे तातडीच्या विभागात, चार तास बसलो. रडून डोळे सुजलेली मीरा मला म्हणाली, "सॉरी, काका. माझी हात वीक आहे." मराठी ती बोलते तशीच, जमेल तसं. आणि मी — मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "होतं गं असं," म्हणालो. लाज वाटते सांगतानाही.

ऑपरेशन झालं. तिने खेळ सोडला. आता नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत आहे. मागच्या दिवाळीत सगळे आमच्याकडे जेवायला आले होते, तेव्हा माझ्या मुलीने तिला विचारलं, तू खेळायचीस ना? ती हसली. म्हणाली, हातात दमच नव्हता गं, काका बिचारे किती जपायचे. मी श्रीखंड वाढत होतो. वाढत राहिलो.

दम होता तिच्या हातात. मला पक्कं माहीत आहे, कारण पिचरची मोजायची सवय सुटत नाही — क्लिकर खिशात होता तरी मी मनात मोजतच होतो. ती किंचाळली, तो एकशे एकतिसावा होता.