भिंतवाल्या बाईंचा नियम

भिंतवाल्या बाईंच्या वर्गात फळ्यापेक्षा मागच्या भिंतीला मान होता. तिसरीचा वर्ग. रोज एका मुलानं घरून एक शब्द आणायचा, बाईंनी तो पुठ्ठ्याच्या पट्टीवर लिहून भिंतीवर लावायचा. वर घरचा, खाली पुस्तकातला. टोंगळा, गुडघा. गंज, पातेलं. मग दिवसभर सगळ्यांनी दोन्ही शब्द बोलण्यात वापरायचे. नियम एकच, शब्द घरात स्वतःच्या कानांनी ऐकलेला पाहिजे. "पुस्तक तं आहेच वं," त्या मला म्हणायच्या, "पण घरचा शब्द आणला का पोरगं तोंड उघडते."

मी तेव्हा नवी, शेजारच्या वर्गावर. एकदा बाई तापानं दोन दिवस रजेवर होत्या आणि तपासणी तोंडावर आली होती. मी काय करावं? सगळ्या पट्ट्या काढल्या आणि अकारविल्हे लावून टाकल्या. केवढी शहाणी मी!

बाई आल्या, भिंतीकडे बघत राहिल्या. "काहून केलं वं असं?"

"शोधायला सोपं जातं, बाई."

"शोधाले कोण येऊन राहिलं? एकेक रांग एकेका पोराची होती."

पट्टीवर नाव कुणाचंच नव्हतं. शाळा सुटल्यावर बाई स्टुलावर चढल्या आणि आठवून आठवून सगळ्या परत लावल्या. "टोंगळा गौरीचा, तिच्या आजीचा दुखते. गंज साहिलचा, दूध उतू गेलं त्या दिवशीचा." मी खालून टाचण्या देत होते, मान खाली घालून. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुमची रांग कुठली, बाई?"

"माह्या घरी बोलाले कोण आहे?" त्या हसल्या आणि पुढची टाचणी मागितली. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. हुडकेश्वरच्या घरात त्या एकट्याच.

निवृत्तीच्या दिवशी मी जुन्या पट्ट्या पिशवीत भरून दिल्या, तर घेईनात. "घरी नेऊन कोणाले दाखवू?" वर्ग आणि भिंत माझ्याकडे आली.

मग दर शनिवारी त्यांचा फोन. "या हप्त्यात कोणते आले?" मी वाचून दाखवायची, त्या प्रत्येक शब्द दोनदा म्हणायच्या. कुणाच्या घरचा, तेही विचारायच्या. फोन ठेवताना ठरलेलं, "येजो वं एखाद्या दिवशी घरी."

"नक्की येते, बाई."

मी राहते त्या सीताबर्डीहून हुडकेश्वर काही परदेश नाही. पण कधी पेपर तपासायचे, कधी पाहुणे, कधी नुसताच कंटाळा. खरं सांगायचं तर मी टाळलं. असं दोन वर्षं.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी फोन आला नाही. मीच लावला, तो शेजारणीनं उचलला. बाई मंगळवारीच गेल्या होत्या.

सोमवारी मी एक पट्टी लिहिली. वर 'येजो', खाली 'नक्की ये'. भिंतीपाशी गेले, टाचणी हातात. पहिल्या बाकावरची अन्वी म्हणाली, "बाई, हा तुमच्या घरी ऐकला?"

"नाही. भिंतवाल्या बाईंचा आहे."

"मग त्यांच्या घरी ऐकला?"

फोनवर ऐकला होता, शंभरदा तरी. त्या घरात माझं पाऊल कधी पडलंच नव्हतं. ती पट्टी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. नियमात बसत नाही.