काशाच्या काट्यावरचं नाव

चिंचेने घासलेल्या पितळेचा आंबट, थंड वास हाताला लागला की तो जेवणातही उतरतो. मुरबाडच्या बाजारात मी वीस वर्षं भांड्यांवर नावं घालते. हल्ली मान इतकी अवघडते की उन्हाचा पट्टा पायरीवरून सरकला की मशीन बंद करते.

अशाच कलत्या दुपारी वैशाखरे गावची गंगूबाई आली, सोबत शहरातले एक अभ्यासक. घाटाखालच्या नाचणीच्या शेतात तिला काशाचा काटा सापडला होता, पदराला टोचायच्या पिनेएवढा, हिरवट, आणि त्यावर अक्षरं. सरांच्या मते ती फार जुनी लॅटिन; समुद्रापलीकडून व्यापाऱ्यांबरोबर घाटवाटेने आलेली. दुसऱ्या एका विद्वानांनी मात्र छापून टाकलं होतं, की अक्षरं उलटी, उजवीकडून डावीकडे जातात, लॅटिन तशी लिहीत नाहीत, म्हणजे बाईने ती मुरबाडात कोरून घेतली. तेव्हापासून पाणवठ्यावर गंगूला सगळे नावं ठेवत होते. आणि मुरबाडात नावं घालणारी मी एकटीच.

"उलटं म्हून खोटं?" गंगू उसळली. "माज्या हंड्यावर तू नाव उलटं घातलंस, तो काय खोटा झाला गो?"

सर हसले. मी नाही. हंडा पालथा धरून मी तिचं नाव घातलं होतं. पाणी भरलं की ते आजही शीर्षासन करतं.

भिंग लावलं. आमचं मशीन ठिपके टोचत जातं; इथे ओढलेली रेघ होती, एका वळणावर घसरलेली, मग सावरलेली. थकलेल्या हाताची ती घसरण मला ओळखीची वाटली. तो हात कधीचा, ते मात्र कळेना.

"लिहिलंय काय?" मी विचारलं.

"अमक्याने मला तमक्यासाठी घडवलं, असं काटाच सांगतो," सर म्हणाले, आणि त्यांनी कागद पुढे केला. हे काम माझं नाही, एवढंच लिहून हवं होतं. पण पुरावा म्हणून दाखवू काय? घराघरांतल्या हजारो भांड्यांपैकी एकावरही माझी खूण नाही.

तरी लिहिलं : हे मी कोरलेलं नाही. काटा गंगूबाईंना शेतात सापडला. दुसऱ्या वाक्यातलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते खोडलं नाही. सही केली.

गंगूने कागद हातात घेतला, उलटा धरला, सरळ केला.

"ह्यातलं तुजं नाव कंचं?"

मी बोट ठेवलं. कागदाला पितळेचा डाग पडला.