थूल साहेबांचं अकरावं कलम

मला लिहायची सवय नाही. नोकरीभर दुसऱ्यांनी सांगितलेलं टाइप केलं, त्यामुळे स्वतःचं वाक्य कुठून सुरू करावं तेच कळत नाही. थूल साहेबांवर एखाद्या शिकलेल्या माणसाने लिहायला पाहिजे होतं. पण त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांपैकी वर्ध्यात आता मीच उरलो आहे. म्हणून जमेल तसं लिहितो. चुकलं असेल तर वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

प्रेमदास थूल पुलगावचे. वडील तिथल्या कापड गिरणीत होते. आई लवकर गेली, तेव्हा मोठ्या बहिणीने, कमलाबाईंनी, त्यांना सांभाळलं. पुढे कमलाबाईंचं लग्न आर्वीला झालं आणि साहेब नागपूरला वकिली शिकले. १९७६ साली ते आमच्या कार्यालयात विधी सल्ला कक्षाचे प्रमुख म्हणून आले.

आमचं खातं लहान बँकांवर देखरेख ठेवायचं. बँका तपासणारे अधिकारी वेगळे होते. त्यांचा अहवाल आला की कायद्याने काय करता येतं ते आम्ही सांगायचो. बँकेचा परवाना काढून घ्यायचा असेल तर कोणत्या कलमाखाली, नोटीस किती दिवसांची, त्यात काय लिहायचं, हे सगळं आमच्या कक्षात ठरायचं. साहेबांच्या हाताखाली दोन वकील, कागद सांभाळणाऱ्या प्रमिलाबाई आणि टाइप करायला मी, महादेवराव.

साहेब खिडकीकडे तोंड करून, उभ्याने मजकूर सांगायचे. पूर्णविराम, स्वल्पविरामही सांगायचे. ‘मला वाटते’ हे शब्द त्यांनी मला कधीच टाइप करायला लावले नाहीत. कायदा काय म्हणतो तेवढंच.

दुसऱ्या वर्षी एक वाईट गोष्ट झाली. आमच्यातल्या एका तरुण वकिलाने एका बँकेची बातमी सासऱ्याला सांगितली. सासऱ्याने भावाला, भावाने बाजाराला. दोन दिवसांत त्या बँकेच्या दारात एवढी गर्दी झाली की एक म्हातारी पायऱ्यांवर पडून हात मोडून बसली. ती बँक खरं तर सावरता आली असती, पण त्या गर्दीने बुडाली. वकिलाची नोकरी गेली. त्यानंतर साहेबांनी एक रजिस्टर सुरू केलं. ज्या बँकेची फाइल येईल तिच्यात कोणाचा नातेवाईक असेल, तर त्याने तिथे लिहायचं, सही करायची, आणि त्या क्षणापासून फाइलला हात लावायचा नाही, तिच्याबद्दल कक्षातही कोणाशी बोलायचं नाही.

साहेबांच्या खालचे वकील रूपराव ढगे मोठे गमत्ये. ते म्हणाले, “साहेब, माह्या सासूचं एका बँकेत पासबुक आहे. तेही लिहू का?”

“लिहा.”

“मंग वर्धा जिल्ह्याची एकही फाइल मले करता येनार नाई. इथं बिननात्याचा मानूस पाह्यजे असंल तर बंगालातून आनावा लागंल.”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ढग्यांनी सासूचं नाव लिहिलं.

१९७९ च्या सप्टेंबरात आर्वीच्या एका बँकेचा अहवाल आला. तिचं नाव लिहीत नाही, आता ती नाहीच. संचालकांनी बँकेचा पैसा आपसातच वाटून घेतला होता. परवाना जाणार हे पहिलं पान वाचूनच कळत होतं. साहेबांनी फाइल स्वतःकडे ठेवली आणि नोटिशीची तयारी सुरू केली.

त्या रविवारी मी एक टिपण द्यायला साहेबांच्या घरी गेलो होतो. तिथे कमलाबाई आणि त्यांचा मुलगा गुलाब आर्वीहून आले होते. गुलाब सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, आष्टीकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. कमलाबाईंनी येताना मुगाचे वडे आणले होते आणि मलाही बळेच बसवून घेतलं. मग गुलाबने खिशातून कागद काढून मामाच्या हातात दिला.

“ऑर्डर आली मामाजी. आर्वीच्या बँकेत. एक तारखीले हजर व्हा म्हनते.”

साहेबांनी कागद वाचला. परत वाचला. त्याच बँकेचं पत्र होतं.

“घाई करू नकोस,” ते म्हणाले.

“काऊन?”

“शाळेची नोकरी कायम झाली आहे.”

“कायम झाली, पन त्या गावाले रस्ताच नाई. बाईचे गुडघे गेले, ती आर्वीत एकटी. मी तिकडं पोरायले पाढे शिकवून राह्यलो.”

गुलाब आईला बाई म्हणायचा.

“बिनपगारी रजा घे. राजीनामा देऊ नकोस. वर्षभर बघ.”

“त्याइले शाळेतून मोकळं केल्याचा दाखला पाह्यजे. राजीनाम्याशिवाय तो भेटत नाई.”

 मी वडा हातात धरून बसलो होतो. तो तोंडात घालवेना.

कमलाबाई म्हणाल्या, “काय रे प्रेमा, तू एवढा बँकायचा साहेब. भाच्यानं बँकेत जातो म्हटलं त तोंड असं केलं, जसा कोनी मेला! तुह्या बरोबरीनं खुर्चीवर बसंल म्हनून पोटात दुखते का?”

“तसं नाही, बाई.”

“मंग कसं?”

साहेबांनी कागद घडी करून गुलाबला परत दिला. “जाऊ नकोस” हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले असते, तर तीच बातमी झाली असती. त्यांच्यासारखा माणूस एखाद्या बँकेत जाऊ नकोस म्हणतो, म्हणजे काय, हे आर्वीत कोणालाही कळलं असतं. शेवटी ते म्हणाले, “त्याला योग्य वाटेल ते त्याने करावं.” गुलाब पाया पडला. त्याने याला होकार समजलं.

जिना उतरताना कमलाबाईंनी मला गाठलं. “महादेवभाऊ, काही बिनसलं का याचं ऑफिसात?”

“नाही बाई. काम लय आहे,” मी म्हणालो.

सोमवारी साहेबांनी नोटीस सांगायला घेतली. एक ते दहा कलमं नेहमीसारखी झाली. अकरावं असं होतं: नोटिशीचा निकाल लागेपर्यंत बँकेने कोणतीही नवीन नेमणूक करू नये. आमच्या कोणत्याही नोटिशीत असं कलम आजवर आलं नव्हतं. मी मान वर केली. ते खिडकीबाहेर पाहत होते. “पूर्णविराम,” ते म्हणाले.

कलम वाईट नव्हतं. बुडत्या बँकेने नवी माणसं घेऊ नयेत, यात गैर काय? आणि ते नोटिशीत गेलं असतं तर बँकेला गुलाबची ऑर्डर मागे घ्यावी लागली असती. राजीनामा द्यायच्या आतच. कोणी कोणाला काही सांगायची गरज नव्हती.

मी कागद नेऊन दिला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो त्यांच्यासमोर तसाच होता. डबाही उघडला नाही. सुट्टी संपल्यावर त्यांनी प्रमिलाबाईंकडून रजिस्टर मागवलं आणि लिहिलं: ‘सख्ख्या बहिणीचा मुलगा. नेमणूक होणार.’ सही केली आणि ढग्यांना बोलावून फाइल त्यांच्या हातात दिली.

ढगे चक्रावले. “साहेब, पोरगा अजून लागला नाई ना? मंग काऊन लिहून राह्यले?”

“मी कलम सांगताना त्याचा विचार केला, ढगे. म्हणून.”

ढगे बाहेर आले ते घाबरलेलेच. बाकीची नोटीस त्यांना पटली होती. अकराव्या कलमापाशी ते अडकले. साहेबांनीच दोन वर्षांपूर्वी एक अभिप्राय दिला होता, की बँकेचं म्हणणं ऐकून घेण्याआधी तिच्यावर कोणतंही बंधन घालता येणार नाही. तो अभिप्राय आमच्या कक्षात कायद्यासारखाच चालायचा. शिवाय हे कलम भाच्यासाठी घातलं असं उद्या बँकेच्या वकिलाने कोर्टात म्हटलं तर? ढगे दोन वेळा साहेबांच्या दारापर्यंत गेले. दुसऱ्यांदा आत जाऊन म्हणाले, “साहेब, एवढंच सांगा, अकरावं ठेवू की काढू?”

“फाइल तुमच्याकडे आहे. माझ्याशी बोलू नका.”

“मान हलवली तरी चालंल.”

साहेबांनी मान हलवली नाही. समोरच्या कागदावर लिहीत राहिले. तो कागद कोरा होता, हे ढग्यांनी मला नंतर सांगितलं. संध्याकाळी त्यांनी अकरावं कलम खोडलं आणि मी नोटीस पुन्हा टाइप केली. दहाच कलमांची.

गुलाब रुजू व्हायला अजून जवळजवळ महिना होता. त्या महिन्यात साहेब रोज साडेदहाला यायचे, साडेपाचला जायचे, दुसऱ्या फाइली करायचे. आर्वीची फाइल ढग्यांच्या टेबलावर, त्यांच्यापासून सात-आठ पावलांवर. ते तिकडे पाहायचे नाहीत. मला वाटायचं, मी तरी सांगावं. माझं नाव त्या रजिस्टरात नव्हतं. एका सुट्टीच्या दिवशी आर्वीच्या गाडीत बसलोही. डेपोत उतरून चहा प्यालो आणि त्याच गाडीने परत आलो.

गुलाबने राजीनामा दिला. एक तारखेला रुजू झाला. पेढे घेऊन ऑफिसात आला, तेव्हा साहेबांनी पेढा घेतला, सगळ्यांसमोर खाल्ला आणि म्हणाले, “नीट काम कर.” ढगे तेवढ्यात बाहेर निघून गेले होते.

फेब्रुवारीत परवाना गेला. बँकेला कुलूप लागलं. गुलाबच्या शाळेत तोवर दुसरा मास्तर आला होता.

कमलाबाई एका दुपारी ऑफिसातच आल्या. बसल्या नाहीत.

“तुले ठाऊक होतं?”

“होतं.”

“कवापासून?”

“तुम्ही घरी आलात त्याच्या आधीपासून.”

“अन् तू माह्या हातचे वडे खाऊन राह्यला होता!” मग त्या माझ्याकडे वळल्या. “महादेवभाऊ, तुमाले बी?”

मी मशीनकडे पाहत राहिलो. त्या म्हणाल्या, “काय मानसं आहा बाप्पा तुमी,” आणि निघून गेल्या. मोठ्याने बोलल्या नाहीत. मोठ्याने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर साहेबांनी गुलाबसाठी शिक्षण खात्याकडे अर्ज लिहिला. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना दुसऱ्याचं वकीलपत्र घेता येत नव्हतं, म्हणून मजकूर त्यांचा, सही गुलाबची. तीन अर्ज झाले. तिन्हींना एकच उत्तर आलं: राजीनामा स्वखुशीने दिलेला आहे. साहेब म्हणाले, “त्यांच्या जागी मी असतो तरी हेच उत्तर लिहिलं असतं.” कमलाबाई साहेबांच्या मुलीच्या लग्नाला आल्या, पण पाहुण्यांच्या पंगतीत जेवल्या आणि पाहुण्यांसारख्या गेल्या. गुलाब काही हंगाम बाजार समितीत कापूस तोलायच्या कामावर होता, मग त्याने शिकवण्या सुरू केल्या.

साहेब १९८५ साली निवृत्त झाले. त्या नोकरीतून बाहेर पडले असं मला कधी वाटलं नाही. घरीही साडेदहाला टेबलाशी बसायचे.

पुढच्या वर्षी मला गुलाब आर्वीच्या डेपोत भेटला. केस पिकले होते. त्यानेच हाक मारली. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, “काकाजी, मामाजीवर आता माहा राग नाई. त्याइनं सांगतलं असतं त मी पोटात ठेवलंच नसतं. माह्यासंगं आनखी तीन मास्तरायले ऑर्डर आली होती. त्याइले पहिले सांगतलं असतं. मंग गावभर झालं असतं.”

मला वाटलं, हे ऐकून साहेबांना हलकं वाटेल. वर्ध्याला उतरलो तो घरी न जाता सरळ त्यांच्याकडे गेलो. सगळं सांगितलं. राग नाही हेही सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले,

“आणखी तिघं होते?”

“हो, तो म्हणाला तसं.”

“तिघांनीही राजीनामे दिले?”

“दिलेच असतील, साहेब.”

समोरचा कागद त्यांनी बाजूला सरकवला.

“म्हणजे अकरावं कलम चौघांचं होतं, महादेवराव. मी ते एकट्या माझ्या भाच्याचं समजलो आणि हात काढून घेतला. चौघांचं आहे हे माहीत असतं, तर मी रजिस्टरात लिहिलं असतं आणि फाइल देतानाच ढग्यांना सांगितलंही असतं, की हे कलम काढू नका.”

मी म्हणालो, “तुम्हाला कसं कळणार, साहेब?”

“विचारता आलं असतं. बँकेकडून नव्या नेमणुकांची यादी मागवणं आपल्या हातात होतं. भाच्याचं नाव त्यात दिसेल म्हणून मी मागवली नाही.”

 त्यांच्या पत्नीने चहा आणला, तो आम्ही दोघांनी प्यायला. गुलाबची गोष्ट मी त्यांना सांगायला नको होती, असं मला अजून वाटतं.