इस्त्री केलेल्या बातम्या

मी हयातभर लोकांना गाडी शिकवली. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून आयुष्य गेल्यामुळे धोका दिसला की माझा उजवा पाय आपोआप दाबला जातो, अगदी जेवणाच्या टेबलाखालीसुद्धा. या एप्रिलात तो सारखाच दाबला जात होता, कारण मार्लिस घरभर फिरत होती.

मार्लिस माझी बायको. तिच्या कॉलेजच्या वर्गाचा पन्नासाव्या वर्षाचा मेळावा जूनवर आला होता आणि ती वर्गाची चिटणीस. म्हणजे वर्गमित्रांच्या मागे लागून बातम्या गोळा करायच्या आणि कॉलेजच्या अंकात आपल्या वर्गाचा रकाना भरायचा. पदवीच्या दिवशी जो 'नको' म्हणायला विसरतो त्याच्या गळ्यात हे काम पडतं. मार्लिस विसरली, आणि मग पन्नास वर्षं तिने ते जिवापाड केलं.

आमच्या मिनेसोटात माणसाला "कसं काय?" विचारलं तर तो "तसं बरं आहे" म्हणतो. मागे गोठा जळत असला तरी. अशा लोकांकडून बातमी काढणं म्हणजे गोठलेल्या तळ्यातून मासा काढणं. भोक पाडायचं आणि बसून राहायचं. आणि जे काही हाती लागेल त्याला मार्लिस छापण्यापूर्वी कडक इस्त्री करायची. लोवेलची नोकरी गेली, तर रकान्यात आलं, "लोवेल आता बागेला भरपूर वेळ देतो." कॉनीचा घटस्फोट झाला, तर "कॉनी तळ्याकाठच्या नव्या घरात रमली आहे."

"उद्या मी गेलो," मी एकदा म्हटलं, "तर तू लिहिशील, व्हर्न आता पूर्ण विश्रांती घेतो."

"लिहीन की. आणि शेवटपर्यंत सीटबेल्ट लावत होता, असंही लिहीन."

पण यंदा तिला विनोद सुचत नव्हते. मेळाव्याला यायला कुणी तयार होईना. पत्रं टाकणारी गाडी यायच्या आधीच ती दारातल्या डब्यात डोकावून यायची. फ्रीझर रिकामा करायची, भरायची, पुन्हा रिकामा करायची. आणि सगळ्यात जास्त वाट होती ती जोलीनची. चार वर्षं दोघी वसतिगृहाच्या एका खोलीत राहिल्या होत्या.

"ती नसेल तर मेळाव्याच्या तंबूत उभं राहून मी काय करू?" मार्लिस म्हणायची. "लोवेलशी टोमॅटोवर बोलू?"

शेवटी तिने नॉर्थ डकोटाला, जोलीन आणि तिचा नवरा डेल यांच्या घरी, फोन लावला. ओव्हनमधलं हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाटे एकत्र भाजलेला आमचा इकडचा पदार्थ, करपलं होतं, हात भांडं खरवडण्यात होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. मी कॉफी पीत होतो.

"जोलीन, तुझं नाव का नाही गं आलं?"

"मी येऊन काय करू बाई? सगळ्यांचं कसं छान चाललंय. वाचते मी तुझा रकाना. लोवेलची बाग काय, कॉनीचं तळं काय."

"अगं वेडे, लोवेलची नोकरी गेली होती!"

"आणि तळं?"

"तिच्या घराशी गाड्या लावतात ना, त्या जागेमागचं डबकं आहे. बदकं घाण करतात."

जोलीन हसली. तिचं हसू घोड्यासारखं आहे, मला आवडतं. मार्लिसही हसली. आणि मग एकदम पलीकडचं हसू थांबलं.

"डेलला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तू काय लिहिलं होतंस, आठवतं?"

मार्लिसचा हात भांड्यातच राहिला. तिला आठवत होतं. मलाही. 'जोलीन आणि डेल घरी निवांत दिवस घालवत आहेत.'

"निवांत," जोलीन म्हणाली. "तेव्हापासून तो एक शब्द बोललेला नाही, मार्लिस. निवांतच म्हणायचं. मी त्याला ते वाचून दाखवलं आणि अंक कचऱ्यात टाकला. बरं, ठेवते. त्याची आंघोळ राहिलीय."

त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात कुणी धड बसलं नाही. मेळाव्याआधीचा शेवटचा रकाना द्यायचा होता. मार्लिस टाइप करायची, पुसायची, चर्चला जायची, अर्ध्यातून परत यायची. मग एका दुपारी कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"व्हर्न, कर्टचं लिहू का?"

कर्ट आमचा मुलगा. रकान्यात तो कित्येक वर्षं 'सिॲटलच्या डोंगरांच्या प्रेमात' आहे. खरं म्हणजे तो आमच्याशी बोलत नाही. का बोलत नाही, याची तिच्याकडे एक आणि माझ्याकडे एक अशी दोन उत्तरं आहेत, आणि दोन्ही आम्ही एकमेकांना सांगत नाही. गावात कुणी विचारलं तर आम्ही म्हणतो, तसं बरं आहे त्याचं.

टेबलाखाली माझा पाय दाबला गेला. चांगला खोलवर. ती उभीच होती. मग मी पाय उचलला.

"लिही," मी म्हटलं. "पण डोंगर काढून टाक."

मे महिन्यात अंक घरोघरी गेला. त्यात होतं: "आमचा कर्ट आमच्याशी बोलत नाही. आम्हाला त्याची फार आठवण येते. जोलीन, 'निवांत' हा शब्द माझा होता, मला माफ कर. बाकीच्यांनो, या. आपल्यापैकी कुणाचंच तसं बरं नाही."

पहिला फोन लोवेलचा. "मार्लिस, बागसुद्धा नव्हती गं. एक कुंडी होती." मग कॉनी. मग ज्यांचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं असे लोक. एकेकाचं बोलणं संपता संपेना. मार्लिस चालत चालत ऐकायची आणि मध्येच थांबून डोळे पुसायची. पण जोलीनचा फोन नाही. फोन वाजला की मार्लिस धावायची, नाव बघायची, आणि खांदे पडायचे.

तो फोन आला तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. धावत आत आली.

"मेळाव्याला तळमजल्यावरची खोली मिळेल का?" जोलीनने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "चाकाची खुर्ची जिना चढत नाही."

"मिळेल. मिळवते."

"आणि डेलच्या बिल्ल्यावर नाव मोठ्या अक्षरात लिही. तो स्वतः सांगणार नाही."

"लिहिते गं."

"आणि हॉटडिश आणू नकोस. त्याने पुष्कळ सोसलंय."

मार्लिस हसत हसत खुर्चीत बसली. महिन्याभरात पहिल्यांदाच बसलेली पाहिली.

फार वेळ मात्र नाही. फोन वाजला की ती अजूनही दचकून उठते.

"वर्गाचाच असेल," ती म्हणते.

"वर्गाचाच," मी म्हणतो. सिॲटलचं नाव आम्ही दोघंही काढत नाही, पण मीही तिच्याबरोबर उठतो.