बर्नाबीचा सल्ला, सस्काटूनचा गवती चहा

आता माझ्या हुशारीचं काय सांगू तुम्हाला! असं शहाणपण शत्रूलाही सुचू नये.

आमच्या सस्काटूनच्या घरी माझ्या बायकोचा, सुनीताचा, गवती चहा होता. ग्रोसरीतून आणलेल्या एका काडीपासून तिने आठ वर्षं वाढवलेला. इथली बर्फाळ थंडी आली की ती भलीमोठी कुंडी बेसमेंटमध्ये न्यायची कुणी? अर्थात मी!

गेल्या सप्टेंबरअखेर सुनीता चार महिन्यांसाठी ठाण्याला, आईकडे निघाली.

"बाकी काही करू नका, फक्त कुंडी आत घ्या," एअरपोर्टवर तिने बजावलं.

"घेतो गं!"

पण तेवढ्यात समुद्रकाठच्या बर्नाबीहून साडूंचा फोन. "अहो, आत कशाला? आम्ही बाहेरच ठेवतो. वरून कट करायचा, पेंढा घालायचा, स्प्रिंगला परत फुटतो. एकदम इझी!"

आळशाला शास्त्राचा आधार मिळाल्यावर तो ऐकतो होय? मी चहा कापला, पेंढा घातला, वरून गोधडी बांधली. मग गप्प बसावं की नाही? छे! मराठी मंडळात जाऊन लेक्चर दिलं. "झाडांचे फार लाड करता तुम्ही! जरा टफ होऊ द्या त्यांना!"

पाच घरांनी कुंड्या बाहेर ठेवल्या.

जानेवारीत उणे अडतीस! मी घाबरून साडूंना फोन केला.

"इथेही भयंकर थंडी हो," ते म्हणाले. "प्लस चार!"

सुनीता परत आली. आल्या आल्या आधण ठेवलं आणि कात्री घेऊन बेसमेंटमध्ये उतरली. मी वॉशरूममध्ये जाऊन बसलो.

बाहेर आलो तेव्हा तिच्या हातात बाहेरच्या कुंडीवरची ती गोधडी होती, गोठून कडक झालेली. "आठ वर्षं हो," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला खरंच लाज वाटली.

मग काडीसाठी तिने स्पीकरवर फोन लावले. पाचही घरांतून एकच उत्तर, "तुमच्या मिस्टरांनाच विचारा!"

शेवटी मंडळातले, मूळ वसईचे फ्रान्सिस अंकल. त्यांचा चहा हिरवागार!

"तुम्ही बाहेर नाही ठेवलात?"

"तुझ्या नवऱ्याने सांगितलं ना, तेव्हाच आत घेतला. काडी घेऊन जा, पण एक कंडिशन. कुठे लावलीस ते त्याला सांगायचं नाही."

मी समोरच उभा होतो. वाटलं, आता तरी ही माझी बाजू घेईल.

"डन, अंकल!" सुनीता म्हणाली.